शालन मयेकर आणि नॉर्वेचे गळ

शालन मयेकर कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून बघायची. कप, छत्री, स्टेपलर, कंगवा, कधी कधी समोरच्याने काढून ठेवलेली चप्पलसुद्धा. खाली काय छापलंय ते वाचायची आणि विचारायची, "हे बनतं कुठे गं?" किंमत विचारणारी माणसं पुष्कळ असतात. मीही विचारते आणि वहीत लिहून ठेवते. पण वस्तू निघाली कुठून आणि वाटेत किती जणांच्या हातांतून आली, हे जाणून घ्यायची तिला जी भूक होती, ती मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

एकदा ती माझ्याकडे हळदीकुंकवाला आली होती. माझ्या दिरांनी दुबईहून आणलेला टी-सेट मी त्या दिवशी पहिल्यांदा कपाटातून काढला होता. बायका कपांचं कौतुक करत होत्या. शालनने उरलेला चहा एका घोटात संपवला, कप पालथा केला आणि भर घोळक्यात म्हणाली, "दुबई कसली गं निर्मल, हा जपानचा आहे. दुबईवाला नुसता मधला माणूस!" सगळ्या हसल्या. टी-सेट तोच होता, पण मला तो त्या दिवसापासून जरा कमी आवडायला लागला.

ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. आम्ही दोघी अंधेरी पूर्वेला, औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. मी टायपिस्ट, ती डिस्पॅचला. ठेंगणी, भरल्या अंगाची, केसांत नेहमी अबोलीचा गजरा आणि आवाज असा की गोदामातून बोलली तरी साहेबांच्या केबिनमध्ये ऐकू जावं. मी सकाळी आल्या आल्या दिवसाच्या कामांची यादी करायची आणि एकेक काम झालं की त्यापुढे बारीक खूण करायची. तरी संध्याकाळी दोन-तीन कामं उद्यावर जायचीच. शालन काहीच लिहायची नाही. दिवसभराचा माल तिच्या डोक्यात असायचा. संध्याकाळी एकदम रजिस्टर भरायची आणि त्यात चूक सापडायची नाही. "यादीबाई, तुझी वही हरवली तर तू घरी कशी जाशील गं?" असं ती मला सगळ्यांसमोर विचारायची. मी हसायची. हसण्यावाचून दुसरं काही सुचायचं नाही म्हणून.

तिचा नवरा जगन्नाथ गिरणीत विणकर होता. संपानंतर त्याची गिरणी उघडलीच नाही. तो शांत माणूस, आणि घरी बसल्यापासून अधिकच शांत झालेला. घर शालनच्या पगारावर चालत होतं. तसं ते किती दिवस चालणार, हे तिला आणि तिच्या दोन मुलींनाही माहीत होतं. त्याबद्दल ती रडली नाही कधी. एवढंच म्हणायची, "नोकरी एकाच गिऱ्हाईकाचा धंदा आहे गं. ते गेलं की दुकान बंद."

आमच्या ऑफिसच्या गेटापाशी संध्याकाळी हिरूबाई नावाची एक कोळीण पाटी घेऊन बसायची. मढहून होडीने वर्सोव्याची खाडी ओलांडून यायची. शालन तिच्याशी तासन् तास बोलायची, मासे घेवो न घेवो. हिरूबाईचा नवरा आणि भाऊ लांब दोरीला शेकडो गळ लावून मोठे मासे धरायचे. एके दिवशी हिरूबाई चिडून बसली होती. तिने कनवटीचा एक गळ काढून दाखवला. मोठ्या घोळ माशाने ओढून तो सरळ केला होता, सुईसारखा.

"इथला गल असाच गो," ती म्हणाली. "मासा जातो आन् दोरी हातात र्‍हाते. माझ्या भावाला बोटीवरच्या खलाशानं एक गल दिलेला, फारीनचा. तीन वर्सं झाली, अजून वाकला नाय."

शालनने तो परदेशी गळ दुसऱ्या दिवशी मागवला आणि अर्थातच उलटसुलट करून बघितला. गळावर काही नव्हतं. पण हिरूबाईच्या भावाने त्याची पत्र्याची डबी तंबाखूसाठी ठेवली होती. तिच्या बुडाला एका कारखान्याचं नाव आणि गावाचं नाव होतं. देश नॉर्वे. जेवणाच्या सुट्टीत शालन माझ्या टेबलाशी आली. मुलीचा नकाशांचा ॲटलस काखेत होता.

"निर्मल, एक पत्र टाईप करशील? इंग्लिशमध्ये. म्हणावं, आम्ही मुंबईचे व्यापारी आहोत."

"कोण आम्ही?"

"मी. आणि तू टाईप करतेयस म्हणजे थोडी तू पण."

मी पत्र लिहिलं. खरं सांगायचं तर चांगलं लिहिलं. परिच्छेद पाडून, चौकशीचे मुद्दे क्रमाने मांडून. उत्तर येणार नाही याची खात्री असल्यामुळे मी ते इतक्या मनापासून लिहू शकले असेन. उत्तर आलं. 'मिस्टर मयेकर' यांच्या नावाने. सोबत दरपत्रक आणि नमुन्याच्या गळांचं पाकीट. टपालात ते कुणीतरी उघडून परत बांधलं होतं. गळ सगळे एकत्र झाले होते, त्यांच्यावरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या गायब होत्या आणि दोन गळ कागदातून बाहेर येऊन आमच्या शिपायाच्या अंगठ्यात घुसले होते. सगळं ऑफिस शालनभोवती जमलं. कुणीतरी म्हणालं, "अगं, मिस्टर म्हणतायत तुला." ती म्हणाली, "म्हणू देत. माल देतायत ना? मग मी मिशी लावते." पुन्हा हशा. पत्र कुणी लिहिलं, हे एकानेही विचारलं नाही. मी शिपायाच्या अंगठ्याला आयोडीन लावत बसले होते.

परदेशातून काही मागवायचं म्हणजे तेव्हा परवान्यांची कटकट असायची. मासेमारीच्या सामानाला त्यातून वाट आहे, हे शालनने गोदीतल्या एका क्लिअरिंग एजंटाकडून काढून घेतलं. सलग चार रविवार त्याच्या घरी ताजे मासे पोचवून. मला हे करायला सांगितलं असतं तर मी आधी कुठल्या कार्यालयात कुठला अर्ज मिळतो याची यादी केली असती, आणि मग ती यादी जपून ठेवली असती.

तिने मला भागीदारीचं विचारलं होतं, हे मी नमूद केलं पाहिजे. गच्चीवर डबा खाताना म्हणाली, "ये ना माझ्याबरोबर. तुझी वही, माझं तोंड. झकास चालेल." मी घरी गेले आणि पानाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला धोके लिहिले. धोक्यांची बाजू पानाच्या मागे गेली. दुसऱ्या दिवशी मी नाही म्हटलं. तिने आग्रह केला नाही. राजीनामा दिला, नोटीसचा महिना भरायला लागली, आणि फंडाचे जे पैसे येणार होते ते सगळे पहिल्या मालात घालायचं ठरवलं. जगन्नाथच्या गिरणीच्या पैशांची आशा नव्हती. हा माल विकला गेला नाही तर त्या घरात दुसरं काही नव्हतं. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

आता मुख्य गोष्ट.

कोळी लोक गळ आकड्याने ओळखत नाहीत, माशाने ओळखतात. घोळीचा गळ, शिंगाड्याचा गळ, वामीचा गळ. कारखान्याच्या दरपत्रकात मात्र नुसते आकडे होते. एक, दोन, चार, सहा असे बारापर्यंत. काही आकड्यांपुढे तिरकी रेघ आणि शून्य. त्याचा अर्थ आम्हा दोघींना लागला नाही. मी पत्र पाठवून कोणता आकडा केवढा ते विचारलं होतं. पण शालनला थांबायचं नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात जाणार, त्याच्या आत माल हवा. ती म्हणाली, "त्यात काय विचारायचंय? बांगडी घे, चप्पल घे, शाळेची इयत्ता घे. आकडा मोठा तशी वस्तू मोठी. घोळीला बारा लिही, शिंगाड्याला दहा." मी ऑर्डर टाईप केली. तिने सही केली. सोमवारी बँकेच्या कागदांबरोबर मी ती रजिस्टरने पाठवायची, असं ठरलं. त्या आठवड्यात ती परळची खोली सोडून चारकोपच्या नव्या सेक्टरमध्ये राहायला जात होती म्हणून रजेवर होती. तिथे अजून पोस्टमन पोचत नसल्यामुळे तिचं टपाल ऑफिसच्या पत्त्यावर, माझ्याकडे यायचं.

शनिवारी कारखान्याचं उत्तर आलं. एकच मोठा कागद. त्यावर प्रत्येक गळाचं खऱ्या मापाचं चित्र आणि खाली आकडा. मी तो टेबलावर पसरला. आकडा वाढतो तसा गळ लहान होत जात होता. बारा नंबरचा गळ माझ्या करंगळीच्या नखाएवढाही नव्हता. मोठे गळ होते ते तिरकी रेघ आणि शून्यवाले.

मी तो कागद पुन्हा पाहिला. मग पंचिंग मशीन घेतलं, दोन भोकं पाडली आणि तो 'मयेकर' लिहिलेल्या फाईलला नीट लावला. सोमवारी ऑर्डर पोस्टात टाकली. मंगळवारी शालन आली, सामान हलवून हलवून हात खरचटलेले. म्हणाली, "त्यांचं काही आलं?"

मी म्हटलं, "अजून नाही."

तेव्हा एक तार केली असती तरी काम झालं असतं. बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की ती फाईल तिची होती, तिने उघडून बघायची होती. ही सबब मी यादीत कधीच लिहू शकले नाही. लिहिली असती तर ती किती खोटी आहे ते लगेच दिसलं असतं.

माल पौर्णिमेच्या चार दिवस आधी गोदीतून सुटला. शालनने चारकोपच्या खोलीत सत्यनारायण घातला नाही, नारळ फोडला आणि पेटी सगळ्यांसमोर उघडायची म्हणून हिरूबाईला, तिच्या नवऱ्याला आणि भावाला मढहून बोलावलं. मीही गेले. आमंत्रण होतं. पण मी बघायला गेले.

जगन्नाथने पेटी पक्कडीने उघडली. आत तेलकट कागदाची लहान लहान पाकिटं, एकसारखी रचलेली. शालनने एक फाडलं आणि तळहातावर ओतलं. कुणीतरी भुवई कापून ठेवावी तसे ते गळ दिसत होते.

हिरूबाईने वाकून पाहिलं. "गो शालन, यो गल हाय का नथीचा आकरा?"

तिचा भाऊ म्हणाला, "याला घोल लागणार नाय, घोलीच्या दातात अरकंल तेवढा."

सगळे हसले. शालनही हसली, सवयीने. मग तिने दुसरं पाकीट फाडलं, तिसरं फाडलं, पेटीच्या तळातलं काढून फाडलं. हसणं थांबलं. जगन्नाथ पक्कड हातात धरून उभाच होता. तो हळूच म्हणाला, "सगळेच असे?" ती म्हणाली, "सगळेच." मग हिरूबाईच्या नवऱ्याने टोपी डोक्यावर घातली. त्यांना शेवटची होडी गाठायची होती. बोटी जुन्याच गळांवर जाणार, एवढं ठरलं.

त्या क्षणी मला बरं वाटलं. फार वेळ नाही, पण वाटलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मला वाटलं होतं, ती आता परत नोकरी शोधेल. आमच्याच साहेबांना विचारेल आणि मी तिच्यासाठी शब्द टाकीन. तो शब्द कसा टाकायचा, हेसुद्धा मी मनात जुळवून ठेवलं होतं. पंधरा दिवस तिचा पत्ता नव्हता. मग एका दुपारी आली ती थेट माझ्या टेबलाशी. उन्हाने रापलेली.

"निर्मल, पवईच्या तलावावर रविवारी गेलीयस कधी?"

"नाही."

"जा. टोप्या घातलेले रिटायर्ड साहेब लोक खुर्च्या टाकून बसतात. हातात काठी, बाजूला थर्मास. दिवसाला एक मासा मिळतो, तोही परत पाण्यात सोडतात. येडे आहेत, पण गळ बघ त्यांचे." तिने बोटांची चिमूट दाखवली. "एवढे! पोरांना विलायतेहून आणायला सांगतात."

मी विचारलं, "पण तुला हे सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. मी म्हटलं, एवढा मोठा कारखाना एवढासा गळ बनवतो, म्हणजे तो कुणीतरी विकत घेतंय. कारखानेवाले काही वेडे नाहीत. गिऱ्हाईक कुठेतरी आहे, मला माहीत नाही एवढंच. मग शोधत सुटले. पहिले मुलुंड, भांडुपची खाडी, मग ठाण्याचे तलाव, मग पवई."

पुठ्ठ्यावर सहा सहा गळ टोचून, वरून पारदर्शक कागद लावून, जगन्नाथने त्यांची पाकिटं केली. विणकराचे हात, टोचणी अगदी सरळ रेघेत. रविवार-रविवार दोघं नवरा-बायको तलावाकाठी फिरले. साहेब लोकांना बाई गळ विकतेय याचंच अप्रूप. वर्षभरात पेटी संपली. मग बरोबर मापाचे मोठे गळ आले, आणि मढ, खारदांडा, वर्सोवा इथल्या बोटी तिच्याकडे येऊ लागल्या. मग नायलॉनची दोरी कोरियाची, दोरीला पीळ पडू नये म्हणून लावायच्या भोवरकड्या जपानच्या. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत तिने गाळा घेतला. मुंबईत लहान आणि मोठे दोन्ही गळ मिळणारं तेव्हा ते एकच ठिकाण, असं लोक म्हणायचे. म्हणजे माझ्या दुष्टाव्याचासुद्धा तिने माल करून विकला. मी तिच्या वाईटावर होते आणि तिला आणखी एक गिऱ्हाईक मिळवून दिलं. याइतका जळफळाट मला तोवर कधी झाला नव्हता.

तिची पत्रं अजून मीच टाईप करत होते. प्रत्येक पत्रामागे ती मला काहीतरी द्यायची. एकदा पापलेटची जोडी, एकदा सिंगापूरची छत्री. मी ते घ्यायची.

गाळ्याच्या दुसऱ्या वर्षी ती पेढे घेऊन ऑफिसात आली. सगळ्यांना वाटले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गोदामातल्या आवाजात म्हणाली, "ही नसती ना, तर मी अजून तुमच्या झाकणांच्या पेट्या मोजत असते. हिच्या पत्राने झालं सगळं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत जे ऐकायला कान आसुसले होते ते शेवटी ऐकलं, आणि हातातला पेढा मी न खाता कागदात गुंडाळून खणात ठेवला.

त्या शनिवारी अर्धा दिवस संपवून मी चारकोपला गेले. ती गाळ्यात एकटी होती, दोरीचे बिंडे रचत. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मापाचा कागद आला होता, ऑर्डर जायच्या आधी आला होता.

तिचा हात थांबला. "मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा फाईलला लावलेला होता."

तिने हातातला बिंडा खाली ठेवला. बाहेर टेम्पो मागे घेताना कुणीतरी ओरडत होतं. मग म्हणाली, "ते पंधरा दिवस हे जेवत नव्हते गं. मला वाटायचं, माझ्या उतावळेपणाने मी यांची दुसरी गिरणी पण बंद केली."

मी पर्स दुसऱ्या हातात घेतली.

"तुका व्हया तरी काय होता?" रागावली की तिच्या तोंडी मालवणी यायची. "अर्धो धंदो तर मी तुका देयतच होतंय."

"मला तो नको होता," मी म्हटलं. "तू तो करू नयेस, एवढंच हवं होतं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आयुष्यभर ती वस्तूंकडे बघायची तसं. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस," आणि शेजारच्या टपरीला हाक मारून एक चहा सांगितला. एकच. मी तो प्यायले. ती बिंडे रचत राहिली. भांडण नाही, शिवी नाही. फक्त त्यानंतर तिने मला पत्र टाईप करायला कधी दिलं नाही, आणि माझ्या टेबलाशी कधी आली नाही.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं. पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका वाटत कांदिवलीत फिरत होते. माझ्या यादीत चारकोपचं एक घर होतं, आणि रस्ता त्या इस्टेटीवरून जात होता. गाळ्याचं शटर वर होतं. मी पलीकडच्या बाजूला, उभ्या ट्रकच्या आड थांबले. आत टेबलावर जुना टाईपरायटर होता आणि त्याच्यासमोर जगन्नाथ. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांवर चष्मा, दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून मारत होता. तो कांदिवलीच्या टायपिंग क्लासला जातो, मॅट्रिकच्या पोरींमध्ये बसतो, हे ऑफिसात कुणीतरी हसून सांगितलं होतं. शालन मागे उभी राहून मराठीत सांगत होती, हातांनी मापं दाखवत होती, आणि तो माझी जुनी पत्रं समोर ठेवून ते इंग्रजीत करत होता. मध्येच त्याची बोटं थांबली.

"अगो," तो म्हणाला, "ह्यो नंबर बरोबर असा मां? माका वायच शंका येता."

"थांबा हां," ती म्हणाली. "बघूया."

ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. दोघांची डोकी कागदावर वाकली. त्याने बोट ठेवलं, तिने मान हलवली, त्याने खोडरबर घेतलं आणि तो आकडा घासून घासून पुसायला लागला, कागद फाटेल की काय असा. मिनिटाला दहा शब्दसुद्धा होत नसतील त्याचे. माझा वेग पंचेचाळीसचा होता.